फिशटँकमध्ये जिवंत झाडं : सात महिन्यांनंतर झाडांवर खूश, लाइटवर नाही

गेल्या आठवड्यात लाइट दुसऱ्यांदा दुरुस्त होऊन आला. मी तो अजून टाकीवर लावलेला नाही आणि लावणारही नाही. का, ते सांगतो.

६० लिटरची टाकी, थोडे गप्पी, साधा स्पंज फिल्टर. प्लास्टिकची झाडं काढून अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन (थोडक्यात क्रिप्ट) आणि व्हॅलिसनेरिया लावले. वर 'प्लँटेड टँकसाठी खास' म्हणून मिळणारा एलईडी लाइट. झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणारा सिलिंडर घ्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं. तो खर्च मला पटत नव्हता आणि या चार झाडांचं त्यावाचून काही अडतही नाही.

पहिल्या दहा दिवसांत क्रिप्टची सगळी पानं विरघळून त्यांचा लगदा झाला. चिडून दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "साहेब, उपटू नका, मुळं राहू द्या." मला वाटलं, टोलवतोय. पण त्याचं बरोबर होतं. नर्सरीत क्रिप्टसारखी झाडं बहुतेक वेळा पानं पाण्याबाहेर ठेवून वाढवतात. तशी पानं पाण्याखाली टिकत नाहीत, मुळं शाबूत असली की नवी फुटतात. त्यात क्रिप्टला जागा बदललेली अजिबात सोसत नाही. पाचव्या आठवड्यात बोटभर तपकिरी पान वर आलं आणि झाडांना एक स्टार द्यायचा विचार मी सोडून दिला.

अनुबियास मात्र माझ्यामुळे गेलं. त्याचं जाड आडवं खोड मी रेतीत पुरलं आणि ते सडलं. फक्त मुळं खाली जायला हवीत, खोड उघडंच राहायला हवं. जावा फर्नचंही तसंच. दुसरं अनुबियास दोऱ्याने लाकडाला बांधलं, ते मस्त आहे.

आता लाइट. याला टायमर नाही. उजेड कमी-जास्त करायची सोय नाही. वायरवर एक बटण, चालू नाहीतर बंद, संपलं. झाडांसाठी खास म्हणून विकता आणि झाडांना जे रोज ठरलेल्या वेळी लागतं तेच देत नाही? सकाळी निघताना मी लावायचो, रात्री येऊन बंद करायचो, म्हणजे रोज ११-१२ तास. दुसऱ्या महिन्यात अनुबियासच्या पानांवर हिरवे ठिपके, मग सगळीकडे केसांसारखं शेवाळ. दर रविवारी जुन्या टूथब्रशने पानं घासत बसायचो. खत कमी पडतंय असं वाटून खत वाढवलं. फरक शून्य.

चौथ्या महिन्यात अर्धे एलईडी गेले. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, आत ओल गेली, वॉरंटीत बसत नाही. पाण्याच्या टाकीवरच ठेवायच्या वस्तूत ओल जाते हा दोष माझा कसा? पंधरा दिवस भांडलो तेव्हा कुठे फुकट दुरुस्तीला घेतला.

तोवर घरातला टेबल लॅम्प टाकीवर वाकवून ठेवला. त्यात साधा पांढरा ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा) बल्ब, संध्याकाळी जेमतेम सहा तास. झाडं मरतील अशी मनाची तयारी केली होती. तीन आठवड्यांत शेवाळ वाढायचं थांबलं आणि नवी पानं स्वच्छ निघू लागली. तेव्हा कळलं. जितका उजेड जास्त, तितकं झाडाला कार्बन डायऑक्साइड आणि खतही जास्त हवं. ते मिळालं नाही की झाड उजेड वापरू शकत नाही आणि शेवाळाचं फावतं. व्हॅलिसनेरिया सोडलं तर माझी झाडं मुळातच सावकाश वाढणारी.

लाइट परत आल्यावर प्लगमध्ये बसणारा वेगळा टायमर स्वतः विकत घेतला, सहा तासांवर लावला. दीड महिन्यात लाइट पुन्हा गेला. आता तो टायमर लॅम्पला जोडलाय.

व्हॅलिसनेरियाने आडवे धुमारे टाकून मागची काच पूर्ण झाकली आहे. गप्पींची पिल्लं त्यात लपून वाचतात, प्लास्टिकच्या झाडांत एकही वाचत नव्हतं. गेल्या महिन्यात धुमाऱ्यांची आठ रोपं शेजारच्या काकांना दिली. त्यांनाही लाइट घ्यायचाय. त्यांना म्हटलं, आधी टायमर घ्या, लाइटचं नंतर बघू.

झाडांना पाच स्टार. लाइटला एक, तोही देता येतो तितका कमीत कमी म्हणून.