मालवणात मॅक मिनी एम४ आणि असेंबल टॉवर शेजारी-शेजारी: एक सीझन आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगतो. समुद्र हाकेच्या अंतरावर असेल आणि कम्प्युटरवर पोट चालत असेल, तर मशीन किती फास्ट आहे ते नंतर बघा, पहिलं हे विचारा की यातला एखादा पार्ट गेला तर तो कुठे मिळणार, कोण बसवणार आणि तोपर्यंत काम कशावर करायचं.

आमचा मालवणात फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे, लग्न, मुंजी, साखरपुडे, शिवाय तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांसाठी रील्स. टेबलावर दोन मशीन आहेत. एक असेंबल टॉवर, म्हणजे सुटे पार्ट घेऊन जोडलेला मोठा डबा, बी४५० चा मदरबोर्ड, सुरुवातीला रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम, आता त्याच बोर्डवर रायझन ७ ५७००एक्स, ३२ जीबी आणि आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. दुसरा अॅपलचा मॅक मिनी एम४ (एम४ म्हणजे त्यातली चिप), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजवाला. मिनी तुळशीच्या लग्नाआधी घेतला कारण एकदा लग्नसराई सुरू झाली की आम्हाला डोकं वर काढायला वेळ नसतो, आणि मग मेपर्यंतचा सीझन आणि त्यानंतरचा आख्खा पावसाळा दोन्ही मशीन रोज चालवली.

मिनीबद्दल पहिलं चांगलं बोलतो कारण त्याचा तो हक्क आहे. साधारण पाच इंच बाय पाच इंच, उंची दोन इंच, आणि पॉवर सप्लायपण आतच, बाहेर अडॅप्टरची वीट लटकत नाही. अल्बम बघायला आलेल्या एका आजीने विचारलं, "ह्यो डबो कसलो रे? मशीन खंय असा?" म्हटलं आजी ह्याच मशीन. आवाज जवळजवळ शून्य, त्यामुळे व्हॉइसओव्हर त्याच खोलीत रेकॉर्ड होतो. आणि खरा फायदा लाईट गेल्यावर कळतो. आमच्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की लाईटचा काही भरवसा नसतो, आणि रेंडर चालू असताना टॉवर अडीचशे-तीनशे वॅट सहज खातो, म्हणजे साध्या यूपीएसवर फाईल सेव्ह करून शटडाऊन करेपर्यंतच वेळ मिळतो. मिनी रिकामा बसलेला असताना चार-पाच वॅटवर चालतो आणि कामातपण टॉवरच्या मानाने कितीतरी कमी घेतो, घरच्या इन्व्हर्टरवर निवांत एडिटिंग होतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा सिंधुदुर्गात किती दिवस अंधार होता ते इथल्या लोकांना सांगायला नको, त्यामुळे कमी वीज खाणारं मशीन ही आमच्याकडे शोभेची गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट फक्त व्हिडिओवाल्यांसाठी. आम्ही सोनीच्या कॅमेऱ्यावर एच.२६५ मध्ये १०-बिट ४:२:२ शूट करतो, म्हणजे फाईलमध्ये रंगाची माहिती जास्त राहते, हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल ग्रेडिंगला फाटत नाही म्हणून. ही फाईल टॉवरवर डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकली की टाईमलाईन अडकत अडकत चालते, कारण ३०६० चं कार्ड एच.२६५ चं ४:२:२ हार्डवेअरवर डिकोड करत नाही आणि सगळा भार सीपीयूवर येतो, मग आधी प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) बनवा, त्यात तास घालवा. मिनीवर तीच फाईल कार्ड रीडरवरून उचलून थेट टाकली तरी लोण्यासारखी पुढे-मागे होते. कागदावर टॉवर तगडा आणि मिनी लहान, पण आमच्या या एका कामात मिनीने टॉवरला मागे टाकलं, हे मान्य करायलाच पाहिजे.

आता दुसरी बाजू. मिनीला एसडी कार्डचा स्लॉट नाही, जुना चौकोनी यूएसबी नाही, पॉवरचं बटण खाली बुडाला एका कोपऱ्यात. हे सगळं चालवून घेता येतं, एक हब घेतला की झालं. पण रॅम? जी घेतली ती घेतली. लाँचच्या वेळी भारतात १६ जीबी-२५६ जीबीचं मॉडेल ५९,९०० ला होतं, स्टोरेज ५१२ केलं की ७९,९००, त्यावर रॅम २४ केली की ९९,९००. म्हणजे प्रत्येक पायरीला वीस हजार. एवढ्या पैशात मी टॉवरला काय काय बसवलं ते आठवलं की जीवावर येतं. स्टोरेज आत वेगळ्या मॉड्युलवर आहे खरं, पण ते आपलं बाजारातलं एम.२ (पट्टीसारखी छोटी एसएसडी) नाही, कंपनीचं स्वतःचं आहे. म्हणून सगळं फुटेज बाहेरच्या एसएसडीवर ठेवतो आणि तिथूनच एडिट करतो, त्यात अडचण नाही, पण स्टाईलसाठी घेतलेल्या मशीनच्या मागे शेवटी केबलचं जाळं झालंच.

लोक म्हणतात की कंपन्या पैसे उकळायला रॅम चिकटवतात. अर्धं खरं आहे, पण अर्धंच. एम४ मध्ये रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच असते, सीपीयू आणि जीपीयू दोघं तीच वापरतात, आणि अंतर इतकं कमी असल्यामुळे सेकंदाला १२० जीबी डेटा जातो. माझ्या टॉवरची डीडीआर४-३२०० ड्युअल चॅनलमध्ये (दोन पट्ट्या एकत्र चालवून) ५१.२ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. फ्रेमवर्क ही कंपनी ज्यांचं नावच मुळी रिपेअर करता येणाऱ्या लॅपटॉपमुळे झालं, त्यांनीसुद्धा २०२५ मध्ये डेस्कटॉप काढला तेव्हा त्यात रॅम सोल्डर केली आणि कारण उघड सांगितलं, की त्या एएमडी चिपला लागणारा स्पीड स्लॉटमधून मिळत नव्हता. तेव्हा हा खरोखर देवाणघेवाणीचा प्रश्न आहे. फक्त त्या देवाणघेवाणीत स्टोरेजसाठी एक साधा स्लॉट द्यायला काय हरकत होती, याचं उत्तर मला कुठे मिळालं नाही.

अॅपलचं स्वतःचंच बघा ना. २००० साली पॉवर मॅक जी४ क्यूब काढला, पंखा नसलेला, दिसायला अप्रतिम, आणि २००१ च्या जुलैत बंद. २०१३ ला नळकांड्यासारखा मॅक प्रो आणला, मग २०१७ मध्ये कबूल करावं लागलं की त्याच्या थर्मल डिझाईनमुळे पुढे अपग्रेडच करता येत नाहीये, आणि २०१९ ला परत पीसीआयई स्लॉटवाला (ज्यात वेगळी कार्डं बसवता येतात असा) मोठा टॉवर आणला. मिनीलासुद्धा २०१४ मध्ये रॅम सोल्डर केली, २०१८ ला स्लॉट परत दिले आणि २०२० मध्ये एम१ आला तेव्हा पुन्हा काढून घेतले. म्हणजे सुंदर बंद डबा की उघडणारा डबा, यावर त्यांनापण इतकी वर्षं ठाम राहता आलेलं नाही.

पण हे सगळं मुंबई-पुण्यात बसून वाद घालण्याचे मुद्दे झाले. आमच्याकडे खारी हवा आहे. पावसाळा संपला की मी टॉवर उघडतो, दरवर्षीचं काम आहे. मागच्या बाजूला पोर्टभोवतीच्या पत्र्याला तांबूस गंज, स्क्रू असे की पेचकस लावला की डोकं झिजतं, पुढच्या यूएसबीच्या आत हिरवट-पांढरी पूड. रॅमच्या पट्ट्या काढायच्या, त्यांच्या सोनेरी दातांवर धुरकट थर आलेला असतो, तो साध्या खोडरबराने हलक्या हाताने एकाच दिशेने घासायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसायचं आणि पूर्ण सुकल्यावर परत बसवायचं. स्लॉटमध्ये रबराचा चुरा पडू द्यायचा नाही. बऱ्याच वेळा "मशीन चालू होतं पण डिस्प्ले येत नाही" हे दुखणं एवढ्यानेच जातं. मिठाचे कण आणि दमटपणा एकत्र आले की धातूला खातातच, त्यात मशीन बंद पडून राहिलं तर जास्त, म्हणून पावसाळ्यात काम नसलं तरी दोन्ही मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवतो, आतली ऊब ओलावा धरू देत नाही.

मिनीचं असं काही करता येत नाही. हवा आत जायची आणि बाहेर यायची दोन्ही वाट खालच्या गोल बुडातूनच आहे, त्यामुळे तो कापडावर ठेवायचा नाही, आजूबाजूला मोकळं ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. आतापर्यंत त्याने मला काही त्रास दिलेला नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. पण आत काय होतंय ते मला दिसत नाही, आणि काही झालंच तर दुरुस्तीला इथून कोल्हापूर नाहीतर गोवा.

मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या पावसात, वीज कडाडली आणि टॉवरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेला. आमच्याकडे जांभ्या दगडात अर्थिंग नीट मिळत नाही, त्यामुळे हे होतं. त्या वेळी दोन लग्नांचे टीझर द्यायचे बाकी होते. कुडाळच्या हार्डवेअरवाल्याला फोन केला, त्याच्याकडे ६५० वॅटचा होता, दुपारच्या एसटीने ड्रायव्हरकडे दिला, संध्याकाळी स्टँडवरून आणून मी स्वतः बसवला आणि रात्री रेंडर लावला. एटीएक्स हे बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएसच्या मापांचं स्टँडर्ड १९९५ सालचं आहे, आणि एवढ्या वर्षांनी कुठल्याही कंपनीचा एटीएक्स एसएमपीएस कुठल्याही एटीएक्स कॅबिनेटमध्ये त्याच चार स्क्रूवर बसतो, ही किती मोठी सोय आहे ते अशा दिवशी कळतं.

याच्या उलट माझ्या मावसभावाचं. त्याच्या होमस्टेच्या काऊंटरवर एक ऑल-इन-वन होता, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मुद्दा त्या एका कंपनीचा नाही. पातळ, पांढरा, बघत राहावा असा. गणपतीच्या तोंडावर त्याची स्क्रीन काळी झाली, आत मशीन चालू होतं, विंडोजचा आवाजपण यायचा, फक्त दिसत काही नव्हतं. टॉवर असता तर दुसरा मॉनिटर लावून पाच मिनिटांत काम सुरू. याला बाहेर डिस्प्ले काढायचं पोर्टच नव्हतं. आख्खं मशीन पॅक करून पाठवायला सांगितलं, आणि चाकरमान्यांचं बुकिंग, येणं-जाणं, हिशोब सगळं त्याने वहीत आणि मोबाईलवर केलं. मशीन परत येईपर्यंत गौरी-गणपती जाऊन नवरात्र आलं होतं.

अपग्रेड म्हणजे फक्त गेमवाल्या पोरांची हौस असं समजणाऱ्यांसाठी अजून एक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा फुकट सपोर्ट संपला. आमच्या ओळखीच्या सेतूवाल्याकडे दोन मशीन होती, एक सातव्या जनरेशनच्या इंटेलचा ऑल-इन-वन आणि एक पहिल्या पिढीच्या रायझनचा असेंबल. दोन्हींचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हते. असेंबलमध्ये बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसवला, मशीन अधिकृतपणे ११ वर गेलं. ऑल-इन-वनची स्क्रीन अजून छान आहे, पण ती काढून वापरता येत नाही, आणि दाखले, आधार, लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या ठिकाणी अपडेट न मिळणारं मशीन ठेवणं बरोबर नाही.

एक सावधगिरी मात्र. डबा मोठा आहे म्हणजे अपग्रेड होईलच असं धरू नका. बरेच ब्रँडेड टॉवर उघडून बघा, बोर्ड वेगळ्याच मापाचा, एसएमपीएसचा कनेक्टर स्वतःचा, मग बाजारातला पार्ट बसतच नाही. घेण्याआधी बाजूचा पत्रा काढून दाखवायला सांगा, दुकानदार का-कू करत असेल तर तिथेच समजा. आणि ज्यांना जागा कमी आहे, फक्त बिलिंग-टायपिंग-बुकिंग करायचंय, त्यांनी ते एक लिटरचे ऑफिसवाले छोटे पीसी बघावेत, बहुतेकांत रॅमचे दोन स्लॉट आणि एम.२ असतो, मॉनिटरच्या मागे लटकवता येतात. माझ्या मते काऊंटरसाठी ऑल-इन-वनपेक्षा ते कितीतरी शहाणपणाचे.

"आता कमी रॅम घेतो, नंतर टाकतो" हा टॉवरवाल्यांचा नेहमीचा हिशोबपण सध्या जपून करा. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरमुळे रॅमचे भाव असे भडकले की आमचा कुडाळवाला फोनवर रेट सांगायलाच तयार नसायचा, म्हणायचा "येवन बघ आनि मगे बोल". मी ३२ जीबी त्याआधी केली होती. मिनी घेणाऱ्याने तर पहिल्या दिवशीच पुढच्या पाच वर्षांचा विचार करून रॅम घ्यावी आणि स्टोरेजवर पैसे घालू नयेत, ते बाहेरून होतं. व्हिडिओ करणार असाल तर १६ वर थांबू नका, माझं आज भागतंय पण रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन लावलं की ते कमी पडायला लागतं.

आमच्याकडे सध्या वाटणी अशी आहे की कटिंग आणि रील्स मिनीवर, अल्बमचं डिझाईन, नॉइज रिडक्शन, मोठे रेंडर आणि सगळा बॅकअप टॉवरवर, त्यात हार्ड डिस्क आतच बसतात. मिनी विकणार नाही. पण ४:२:२ ची टॉवरची अडचण आता सुटण्यासारखी आहे, कारण आरटीएक्स ५० सिरीजची कार्डं ते हार्डवेअरवर डिकोड करतात. ५०६० टीआय १६ जीबी बघून ठेवलंय, बी४५० वर पीसीआयई ३.० च आहे त्यामुळे कार्डाचा सगळा दम निघणार नाही हे माहीत आहे, पण आमच्या कामाला तेवढं पुरेल, आणि एसएमपीएस ६५० चा असल्यामुळे तो बदलावा लागणार नाही. जुनं ३०६० देवगडच्या एका स्टुडिओवाल्याने आत्ताच सांगून ठेवलंय.