फास्टएपीआय: अकरा महिन्यांचा अनुभव आणि इंटरनेटविना कोरे राहणारे डॉक्सचे पान

गेल्या सोयाबीनच्या हंगामात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मी नांदेडच्या नव्या मोंढ्यातील एका आडत दुकानात बसलो होतो. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटल्यामुळे सकाळपासून इंटरनेट बंद होते. त्याची मला चिंता नव्हती, कारण आवक, वजन आणि पट्टीचा सगळा हिशोब दुकानातल्याच संगणकावर, फास्टएपीआय या पायथॉन भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये मी लिहिलेल्या एपीआयवर (ॲपशी माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालतो आणि काट्यावरचा मोबाईल दुकानातल्या वायफायवरून त्या संगणकाशी जोडलेला असतो. मोबाईल ॲप लिहिणारा मुलगा शेजारी बसून हमाली-तोलाईच्या कपातीचे नवे फील्ड जोडत होता. फील्डचे नाव पाहण्यासाठी त्याने डॉक्सचे, म्हणजे एपीआयची माहिती दाखवणारे, पान उघडले आणि म्हणाला, "दादा, पान येतंय, पण नुसतं पांढरं."

एपीआय व्यवस्थित उत्तरे देत होता. ओपनएपीआय या प्रमाण पद्धतीत एपीआयचे वर्णन असलेली जेसन फाईलसुद्धा ब्राउझरमध्ये उघडत होती. पान मात्र कोरेच होते, कारण त्याचा सांगाडा आपल्या संगणकावरून येत असला तरी त्या वर्णनातून पान उभे करणाऱ्या स्वॅगर यूआय या साधनाची जावास्क्रिप्ट आणि सीएसएस फाईल डीफॉल्टने जेएसडिलिव्हरच्या सीडीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक सर्व्हरवरून, मागवली जाते. रीडॉक या दुसऱ्या डॉक्स-साधनाच्या पानाचेही तेच. ऐन गर्दीच्या दिवशी आमचे चार तास त्यात गेले आणि त्या संध्याकाळी हे फ्रेमवर्क सोडून देण्याच्या निर्णयापर्यंत मी आलो होतो.

सोडले नाही, त्याचे कारण सांगितले पाहिजे. आधीचे काम फ्लास्क या दुसऱ्या पायथॉन फ्रेमवर्कमध्ये होते आणि त्याची माहिती मी वेगळ्या वर्ड फाईलमध्ये लिहीत असे. एकदा कोडमध्ये वजन क्विंटलचे झाले आणि वर्ड फाईलमध्ये किलोच राहिले. ती चूक पट्टी छापण्याआधी मुनीमजींच्या नजरेस आली, म्हणून निभावले. फास्टएपीआयमध्ये असे दोन ठिकाणी लिहावेच लागत नाही. माहिती तपासणाऱ्या पायडँटिक लायब्ररीच्या मॉडेलमध्ये वजनाचा प्रकार, ते शून्यापेक्षा जास्त असण्याची अट आणि "बारदाना वजा करून निव्वळ वजन, क्विंटलमध्ये" हे वर्णन एकदा लिहिले की त्यातूनच तपासणीही होते आणि डॉक्सही तयार होतात. वर्णने, गटांची नावे, नमुन्याची उदाहरणे हे सारे मी मराठीत लिहिले आहे आणि स्वॅगरच्या पानावर ते नीट दिसते. सेबास्टियन रामिरेझ यांनी २०१८ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प एमआयटी परवान्याखाली मोफत आहे. आडतीच्या दुकानाकडून सॉफ्टवेअरसाठी दरमहा पैसे मागणे मला पटत नसल्याने माझ्या दृष्टीने ही बाब मोठी होती.

माझे मत बदलले ते दिवाळीनंतर. फ्रेमवर्कच्या अधिकृत डॉक्समध्ये या फाईली स्वतःच्या सर्व्हरवरून देण्याची सविस्तर कृती आहे आणि ती मी आधी वाचलीच नव्हती, एवढा दोष माझा. ॲप तयार करताना डॉक्स आणि रीडॉकचे डीफॉल्ट पत्ते बंद केले, फाईली स्टॅटिक फोल्डरमध्ये ठेवल्या आणि त्याच पत्त्यांवर पाने देणारी दोन छोटी फंक्शन्स लिहिली. तासाभराचे काम होते. तरी केबल काढून ब्राउझरचा नेटवर्क टॅब पाहिला तेव्हा फेव्हआयकॉनची (ब्राउझरच्या टॅबवरील छोट्या चित्राची) विनंती अजून बाहेरच जात होती आणि रीडॉक गुगलचे फॉन्ट मागत होते. फेव्हआयकॉनचा पत्ता बदलल्यावर आणि गुगल फॉन्ट बंद केल्यावर त्या दोन्ही विनंत्या थांबल्या.

तक्रार तरीही कायम आहे. दोन-तीन फाईलींचा प्रश्न आहे, आणि त्या पॅकेजसोबतच मिळायला हव्यात. जँगो निन्जा या तशाच फ्रेमवर्कमध्ये इन्स्टॉल केलेल्या ॲप्सच्या यादीत एक नाव जोडले की स्वॅगर यूआय स्थानिक फाईलींवरून चालते. जे तिथे शक्य आहे ते इथे का नसावे? ज्या गावात दिवसातून दोनदा इंटरनेटची लाईन जाते, तिथल्या माणसासाठी डॉक्स म्हणजे सोबत ठेवायची वही असते आणि ती परगावी ठेवून चालत नाही.

बाकीचे थोडक्यात. चुकीच्या माहितीला मिळणाऱ्या ४२२ क्रमांकाच्या त्रुटी-उत्तरातील संदेश इंग्रजीत येतात. एक एक्सेप्शन हँडलर (चूक झाल्यावर चालणारे फंक्शन) लिहून मी ते मराठीत आणले, त्यामुळे मुनीमजी आता मला फोन न करता चूक स्वतः दुरुस्त करतात. एसक्यूलाईट या डेटाबेसचे साधे, थांबवून ठेवणारे काम असिंक (async def) फंक्शनमध्ये टाकू नका, कारण त्या वेळात बाकीच्या सगळ्या विनंत्या ताटकळतात. साध्या (def) फंक्शनमध्ये लिहिले तर फ्रेमवर्क ते वेगळ्या थ्रेडवर चालवते. माझ्याकडील आवृत्तीचा क्रमांक अजून शून्यानेच सुरू होतो, म्हणजे पुढच्या आवृत्तीत जुने कोड मोडू शकते, म्हणून रिक्वायरमेंट्स फाईलमध्ये (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) तो नेमका लिहून ठेवावा.

फाईली स्वतःकडे ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मी सुरुवातीला एका जुन्या कामातली स्वॅगर यूआय ४ ची फाईल उचलून ठेवली, तेव्हा पानावर व्याख्या दाखवता येत नसल्याचा संदेश आला. फास्टएपीआय ०.९९ पासून ओपनएपीआय ३.१ वापरते आणि ते समजून घ्यायला स्वॅगर यूआय ५ लागते. आता फ्रेमवर्क अद्ययावत करताना या फाईलीही तपासून घेतो आणि दुकानातली केबल काढून दोन्ही पाने एकदा उघडून पाहतो.