मरीन टँकसाठी पाणी कुठलं: हायपो घातलेलं नळाचं, घरच्या आरओचं की डीआयचं?

टँक, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र), लाइट, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले खडक) असं सगळं घरात येऊन पडल्यावर लोक विचारतात, "पाणी नळाचंच चालेल ना?" हा प्रश्न खरेदीच्या आधी सोडवा. उत्तर तुमच्या नळाला काय येतं आणि टँकमध्ये कोण राहणार, या दोन गोष्टींवर अवलंबून आहे. मी पुण्यात शंभर लिटरचा मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या समुद्री माशांचा टँक, सांभाळते आणि तिन्ही प्रकारचं पाणी वापरून झालं आहे. (डीआय म्हणजे रेझिनमधून काढून उरलेसुरले क्षारही काढून टाकलेलं पाणी.)

नळाच्या पाण्यातलं क्लोरिन सगळ्यांना माहीत असतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं लागतं. आपल्या पोटासाठी ते हवंच, पण माशांचे कल्ले त्याने भाजतात आणि लाइव्ह रॉकमधले जिवाणू मरतात. ते काढणं मात्र अगदी सोपं. हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, स्वस्त मिळतात. १ मिलिग्रॅम क्लोरिन मारायला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो लागतो. मी १० ग्रॅम हायपो एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवायची आणि वीस लिटरच्या बादलीला त्यातलं १५ मिलि घालायची. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की क्लोरिनचा डोस वाढतो, तेव्हा २५ मिलि. मग ग्रामपंचायतीत वापरतात ती ओटी चाचणी: नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे दोन थेंब. पिवळी छटा दिसली तर क्लोरिन अजून आहे.

परदेशात असाल तर एक फरक लक्षात ठेवा. लंडनला बऱ्याच भागात आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००४ पासून क्लोरिनऐवजी क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) वापरतात. ते बादली रात्रभर उघडी ठेवून उडत नाही, आणि नुसता हायपो घातला तर अमोनिया मागे राहतो. तिथे अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर घ्यावं लागतं.

हायपोने क्लोरिन जातं, बाकी सगळं पाण्यातच राहतं. आणि हे बाकीचं सारखं बदलत असतं, माझी खरी तक्रार ती आहे. खडकवासल्याचं पाणी मऊ. माझा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) एरवी ९०च्या आसपास दाखवतो. एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले आणि त्याच नळाला ६४० आलं. ते बोअरचं पाणी होतं. काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात सिलिका भरपूर, त्यावर तपकिरी शेवाळ पोसतं. वरची टाकी धुतली की कुणीतरी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने टाकतं. यातलं काहीही तुम्हाला आधी कळवलं जात नाही.

टॉप-अपचा, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी भर घालण्याचा, हिशेब तर बहुतेक जण करतच नाहीत. माझ्या टँकमधून रोज दीड लिटर पाणी उडतं. वाफ जाते, क्षार राहतात. सहा महिन्यांत २७० लिटर टॉप-अप होतो. ९० टीडीएसच्या पाण्याने त्यातून २४ ग्रॅम क्षार टँकमध्ये जातात, ६४०च्या पाण्याने १७० ग्रॅमच्या वर. मीठ नव्हे हे, त्यात नायट्रेट, फॉस्फेट, जे असेल ते सगळं आलं.

म्हणून मी घरच्या प्युरिफायरकडे वळले. आरओ मेम्ब्रेन ९५ टक्क्यांच्या आसपास क्षार अडवतो, आणि मशीन घरात आहेच. पण हे मशीन माणसांसाठी बनवलेलं आहे: मेम्ब्रेननंतर चवीसाठी क्षार पुन्हा मिसळले जातात, टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी आत सोडतो. आणि हल्ली तांब्याचं कार्ट्रिज येतं.

गेल्या वर्षी सर्व्हिसला आलेल्या मुलाने ते बसवलं. घरात सगळे खूश, तांब्याचं पाणी म्हणून. मी दोन आठवडे त्याच पाण्याने टॉप-अप केला, एका रविवारी दहा लिटर पाणी बदललं. सोमवारी सकाळी क्लीनर श्रिंप (कोळंबी) खडकाखाली आडवी पडलेली, लांब पांढऱ्या मिशा तेवढ्या हलत होत्या. दोन गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या होत्या. क्लाउनफिशची जोडी मात्र नेहमीसारखी खाणं मागायला पुढे. कॉपर टेस्टच्या नळीत रंग चढला तेव्हा उलगडा झाला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम तांबं मान्य आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. माशांना परजीवी झाले तर वेगळ्या टँकमध्ये ०.१५ ते ०.२५ची मात्रा औषध म्हणून देतात, आणि त्या मात्रेत कोळंबी जगत नाही. म्हणजे आपल्याला पूर्ण सुरक्षित असलेलं पाणी तिला विष ठरू शकतं.

तेव्हा निवड अशी करा. फक्त मासे, म्हणजे क्लाउन, डॅमसेल असे काटक, आणि नळाला बारा महिने पालिकेचंच पाणी असेल, तर हायपो पुरेल. पाणी जरा जास्त बदलत राहा. कोळंबी, गोगलगाय, कोरल यांपैकी काहीही असेल, किंवा वर्षातून एकदाही टँकर येत असेल, तर मी तुम्हाला डीआयच सांगेन. त्यासाठी नवीन मशीनच हवं असं नाही. घरच्या आरओच्या मेम्ब्रेननंतर, मिनरल, तांबं आणि कंट्रोलरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून लाइन काढा आणि तिच्यावर मिक्स्ड बेड रेझिनचा डबा बसवा. भाड्याच्या घरातही हे जमतं. माझी हीच जुळणी आहे.

आरओचं वाया जाणारं पाणी मलाही टोचतं. एक लिटरमागे तीन लिटर, आठवड्याला वीस लिटर लागतात म्हणजे साठ लिटर बाहेर. टीडीएस कमी असताना ते कुंड्यांना घालते, टँकरच्या दिवसांत फरशी पुसायला.

जारचं पाणी मीटर लावल्याशिवाय घेऊ नका, प्रत्येक खेपेला वेगळं निघतं. समुद्राचं पाणी भरून आणायचा मोह मुंबईकरांनी टाळावा: किनाऱ्याशी सांडपाणी, पावसाळ्यात खारटपणा उतरलेला.

डीआय घेतलंत तर रेझिनवर नजर ठेवा. मीटर ० वरून १ वर गेला की रेझिन बदला, ५ची वाट पाहू नका. रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते, आणि ती टीडीएस मीटरला जवळपास दिसतच नाही. काचेवर तपकिरी थर धरायला लागला की मी आधी रेझिनच्या डब्याचा रंग बघते.