डोंगरातलं घर, सायकल आणि रोजचं ऑफिस: माथा, उतार की पायथा?

डोंगराळ भागात राहायला जायचं ठरलं की आपण गावांची यादी करतो. हवा कशी, निसर्ग किती, शहर किती लांब, एवढं बघून गाव पक्कं होतं. ते गाव डोंगराच्या कुठल्या उंचीवर आहे आणि त्यात आपलं घर कुठे, याकडे बरेचदा घर घेऊन झाल्यावर लक्ष जातं. रोज कामाला जाणाऱ्या आणि सायकलवर मनापासून प्रेम असणाऱ्या माणसाने हा क्रम उलटा लावावा. एकाच गावातलं पायथ्याचं घर आणि माथ्यावरचं घर यांत जगण्याचा जेवढा फरक पडतो, तेवढा कधीकधी दोन वेगळ्या गावांतही पडत नाही.

म्हणून इथे तुलना गावांची नाही, जागांची आहे: माथा, मधला उतार आणि पायथा. माझा कौल आधीच सांगून टाकतो. नोकरीसाठी रोज बाहेर पडणाऱ्या सायकलवाल्याने पायथा निवडावा. चढ आपल्याला हवा तेव्हा असावा, रोज संध्याकाळी सक्तीचा नसावा. हा कौल काही जणांना लागू होत नाही, ते पुढे येईलच.

आधी चढाचा हिशेब

सायकल, बॅग आणि माणूस मिळून 85 किलो वजन धरू. सायकलची सवय असलेला माणूस फार धापा न टाकता अर्धा तास साधारण 135 वॅट ताकद लावू शकतो. एवढ्या ताकदीत सपाट रस्त्यावर ताशी 22-24 किलोमीटरचा वेग मिळतो. 5 टक्क्यांच्या चढावर, म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 5 मीटर वर चढायचं तिथे, तोच वेग ताशी 10 वर येतो, 8 टक्क्यांवर साडेसहावर. 10 टक्क्यांवर आपण झपझप चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने जात असतो, आणि तो आपल्याकडे बघून हसतही असतो.

यातून एक सोपा ठोकताळा निघतो. रोजच्या कपड्यांत, बॅग घेऊन, साधारण माणूस तासाला 400 ते 500 मीटर उंची चढतो. म्हणजे स्टेशन आणि घर यांत 200 मीटर उंचीचा फरक असेल तर घरी यायला पंचवीस-तीस मिनिटं लागणार, मग रस्ता नकाशावर कितीही छोटा दिसो. घराच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून फक्त 3 किलोमीटर' असं लिहिलेलं असतं. त्या 3 किलोमीटरमध्ये किती मीटर चढायचंय, हे कोणी लिहीत नाही.

सरासरी चढाचा आकडाही फसवा असतो. सरासरी 5 टक्के म्हणजे मधे सपाट तुकडा आणि पुढे 12 टक्क्यांचं वळण असंही असू शकतं. गुडघे सरासरीवर चालत नाहीत, त्यांना ते 12 टक्केच आठवतात. अशा वळणावर रोड बाइकचा, पुढच्या चक्राला 34 आणि मागच्या चक्राला 34 दात असलेला सर्वांत हलका गिअरही जड पडतो. मिनिटाला 60 पॅडल मारायचे तर त्या गिअरमध्ये ताशी साडेसात किलोमीटरचा वेग राखावा लागतो, आणि 10 टक्क्यांच्या पुढे तेवढी ताकद रोज कोण लावणार? माउंटन बाइकसारखा, पुढे 30 आणि मागे 50 च्या आसपास दात असलेला गिअर मिरवायला कमी, पण घरी पोहोचवायला चांगला.

रोजचं येणं-जाणं

डोंगराळ गावांत रेल्वे स्टेशन जवळपास नेहमी खाली असतं. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड कमी असते, त्यामुळे मुख्य मार्गावर 2-3 टक्क्यांचा चढसुद्धा रेल्वेला अवघड मानतात. रूळ दरीतूनच जातात. इटलीतल्या बेर्गामो शहरात हे स्वच्छ दिसतं: जुनं तटबंदीचं शहर टेकडीवर, रेल्वे स्टेशन आणि आधुनिक शहर खाली, आणि दोघांना जोडणारी केबलवर ओढली जाणारी गाडी 1887 पासूनची. खालच्या स्टेशनवरून मिलानला रेल्वेने साधारण पाऊण-एक तासात पोहोचता येतं. वर राहणाऱ्याला त्याच्या आधी खाली उतरायचं आणि नंतर पुन्हा चढायचं, हे आलंच.

माथ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. सकाळी उतार असतो, त्यामुळे ऑफिसात घाम न येता पोहोचता येतं. चढ संध्याकाळी येतो, आणि घामेजून घरी पोहोचलं तर आंघोळीला आपलंच न्हाणीघर असतं. ज्यांचं ऑफिस वर आणि घर खाली आहे, त्यांची पंचाईत याच्या नेमकी उलट. तेव्हा पायथा निवडताना कामाची जागा डोंगरावर नाही ना, हे आधी बघायचं. असेल तर माझा कौल तिथेच रद्द.

पण संध्याकाळचा चढ कागदावर दिसतो तेवढा सोपा नसतो. अंधार, थकवा, पावसात भिजलेली बॅग, उशिरा आलेली ट्रेन. सुट्टीच्या सकाळी हौसेने चढलेला घाट आणि दिवसभराच्या मीटिंगनंतर चढलेला तोच घाट यांत शरीराला वेगळेपणा कळतो. अशा वेळी माणूस गाडी काढतो. एकदा काढली की पुढच्या आठवड्यात परत काढतो, आणि ज्या सायकलसाठी डोंगरात आलो ती भिंतीला टेकून राहते.

माणसं प्रवासाला दिवसाकाठी सरासरी तासभर देतात, असं इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये मांडलं होतं. वेगवान साधनं आली तरी माणूस वाचलेला वेळ लांब राहायला जाण्यात खर्च करतो, असा त्यांचा रोख होता. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली माहिती तपासली, तेव्हा त्यांना दिसलं की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. चांगलं घर, चांगला पगार यांनी त्या त्रासाची पुरेशी भरपाई होत नाही. डोंगरातल्या घराचा मोह पडलेल्या माणसाने हे दोनदा वाचावं. खिडकीतलं दृश्य महिन्याभरात सवयीचं होतं. प्रवासाची तशी सवय होत नाही, कारण तो रोज थोडा वेगळा त्रास देतो.

त्या 'थोडा वेगळा' मध्येच खरी गोम आहे. रोज पन्नास मिनिटं लागत असतील तर माणूस दिवस बसवून घेतो. कधी पस्तीस, कधी नव्वद, असं असेल तर बसवता येत नाही. माथ्यावर जाणारा रस्ता बरेचदा एकच असतो. दरड आली, झाड पडलं, शुक्रवारी संध्याकाळी पर्यटकांच्या गाड्या लागल्या, की दुसरा मार्ग नाही. पायथ्याला सहसा दोन-तीन वाटा तरी असतात.

मधला उतार या बाबतीत विचित्र आहे. स्टेशनपासून फक्त 60-80 मीटर उंची, दहा मिनिटांचा चढ, म्हणून तो परवडेल असं वाटतं. पण तिथे प्रत्येक गोष्ट एकतर वर असते किंवा खाली. दूध विसरलं तरी चढ, मुलाला शाळेतून आणायचं तरी चढ. रोजच्या नोकरीपेक्षा या छोट्या फेऱ्यांनी माणूस वैतागतो.

सायकल चालवायला जागा कुठली चांगली

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. माथ्यावर राहिलं म्हणजे घाट दाराशी, असं वाटतं. प्रत्यक्षात माथ्यावरून निघालेली प्रत्येक राइड उताराने सुरू होते. अंग थंड, बोटं गारठलेली, आणि सुरुवातच ब्रेक दाबत. सर्वांत मोठा चढ येतो शेवटी, पाय संपलेले असताना. मधे पेटके आले, चाक निकामी झालं, तर घर वरच्या बाजूला.

पायथ्याला हे सगळं सुलट होतं. आधी सपाटीवर अंग गरम करायचं, मग चढायचं, जिथे पुरे वाटलं तिथून वळायचं आणि उताराने घरी. ज्या दिवशी चढायची इच्छा नाही त्या दिवशी दरीतल्या रस्त्याने तासभर सपाट फिरून यायचं. माथ्यावर हलक्या राइडची सोयच नसते.

व्यावसायिक सायकलपटू कुठे राहतात बघा. स्पेनमधल्या जिरोनात अनेकांनी घरं केली आहेत. ते शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम 70-75 मीटर उंचीवर आहे, पण रोकाकोर्बासारखे चढ जवळच आहेत आणि मागे पिरेनीज पर्वत. दिवसभर चढण्यासाठी पगार मिळणारी माणसंही राहायला खालीच जातात. शिवाय 2013 पासून जलदगती रेल्वेने जिरोना ते बार्सिलोना हे अंतर चाळीस मिनिटांच्या आत कापता येतं. सायकल आणि नोकरी एकत्र जमवायची तर असं गाव हवं.

माथ्याला एक सूट द्यायला हवी. वर सलग पठार असेल, लहान-मोठे उंचवटे असलेले, गाड्या कमी असलेले रस्ते असतील, तर चित्र पालटतं. मग दरीत न उतरताही तासन् तास सायकल चालवता येते, हवा गार मिळते. माथा म्हणजे नुसती अरुंद धार असेल आणि एकच रस्ता वर येऊन संपत असेल, तर तिथे पंधरा दिवसांत कंटाळा येतो. गावातून बाहेर पडणारे रस्ते मोजायचे, आणि त्यातले किती एकमेकांना मिळून फेरी पूर्ण करतात ते बघायचं. चढाच्या टक्केवारीपेक्षा मी याला जास्त महत्त्व देईन.

ब्रेकचा खर्चही माथ्याच्या खात्यात मांडायचा. 8 टक्क्यांच्या उतारावर 85 किलो वजन ताशी 30 किलोमीटरवर रोखून धरायचं तर साधारण 300 वॅट उष्णता सतत ब्रेकमध्ये जाते. रिमवर घासणारे ब्रेक पावसात उशिरा पकडतात आणि रिमच झिजवतात. रोज उतरायचं असेल तर डिस्क ब्रेक घ्या, यावर वाद नको.

| | माथा | मधला उतार | पायथा |
|---|---|---|---|
| सकाळी | उतार, घाम नाही, पण गारठा | छोटा उतार | सपाट |
| संध्याकाळी | मोठा चढ, रोज | दहा मिनिटांचा चढ | सपाट |
| स्टेशन | लांब आणि खाली | जवळ, पण खाली | सहसा जवळ |
| सुट्टीची राइड | शेवटी चढ | दोन्ही दिशा खुल्या | आधी चढ, मग घर |
| रस्ता बंद झाला तर | अडकलात | अवलंबून | दुसरी वाट मिळण्याची शक्यता जास्त |

हवेच्या बाबतीत पायथा हरतो

उंचीनुसार तापमान दर 1,000 मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे 300 मीटर वर राहून जेमतेम दोन अंशांचा गारवा मिळतो, त्यासाठी एवढा आटापिटा नको. फरक पडतो तो रात्री. निरभ्र, शांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि दरीत साचते. पहाटे खाली धुकं आणि चुलींचा, गाड्यांचा धूर अडकून बसतो, वर मात्र स्वच्छ ऊन असतं. दमा किंवा श्वासाचा त्रास असलेल्या माणसाने हे गांभीर्याने घ्यावं. मधल्या उताराची खरी बाजू इथे आहे: दरीतली थंडी खाली राहते, माथ्यावरचा वारा वर राहतो, आणि मधला पट्टा रात्री सर्वांत उबदार असतो. बागायतदार हे जुन्या काळापासून जाणतात.

उताराचं तोंड कुठे आहे तेही बघा. पाऊस आणणाऱ्या वाऱ्याकडची बाजू आणि आडोशाची बाजू यांत पावसाचा मोठा फरक असतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर हिवाळ्यात ऊन कमी, रस्ता ओला आणि निसरडा.

ई-सायकलने गणित बदलतं का?

बरंचसं. ई-सायकल धरून 100 किलो वजन 300 मीटर वर न्यायचं तर सगळं काम मोटरने एकटीने केलं तरी सव्वाशे वॅट-तासांच्या आत भागतं. बॅटरी 500 ची असेल तर असे चार चढ सहज होतात, आणि आपण पॅडल मारलं तर आणखी. युरोपीय संघात सामान्य ई-सायकलच्या मोटरला 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत अशी मर्यादा आहे. चढासाठी तेवढं पुरतं, कारण चढावर त्या वेगाच्या जवळपासही कोणी जात नाही.

अडचण स्टेशनवर येते. ही सायकल 20-25 किलोची असते, जिने चढवून ट्रेनमध्ये नेता येत नाही. ती दिवसभर स्टेशनवर सोडायची तर कुलूपबंद, राखणीची जागा हवी. ती नसेल तर माथ्याचा बेत कोलमडतो. उलट पायथ्यावरून निघणाऱ्याला साधी घडीची सायकल पुरते, आणि ती गर्दीच्या वेळीही सामान म्हणून आत नेता येण्याची शक्यता जास्त असते.

काही शहरांनी चढाचा भार स्वतःच उचललाय. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये 1884 पासून दातेरी रुळावर चालणारी गाडी सायकलींसाठी वेगळा डबा घेऊन सुमारे 200 मीटर वर चढते. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये 1993 मध्ये सायकलस्वाराला पायाखालून ढकलणारी 130 मीटर लांबीची लिफ्ट बसवली. अशी सोय असलेल्या गावात माथा निवडायला माझी हरकत नाही.

मग माथा कोणासाठी?

आठवड्यातून एक-दोनदाच ऑफिसला जाणाऱ्यांसाठी. दरीतल्या धुक्याने, धुराने त्रास होणाऱ्यांसाठी. वर पठार असेल आणि राखणीची जागा असलेलं स्टेशन खाली असेल, तर ई-सायकलवाल्यांसाठीही. लहान मूल पुढच्या सीटवर बसवून रोज ने-आण करायची असेल तर पायथाच, तिथे फार विचार करू नये. म्हातारपण तिथेच काढायचा विचार असेल तरी पायथाच.

घर पक्कं करण्याआधी नकाशावरच्या समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) मोजून स्टेशन ते घर उंचीचा फरक काढा. मग कामाच्या दिवशी, वर्षातल्या सर्वांत वाईट हवामानात, लॅपटॉपची बॅग घेऊन, संध्याकाळच्या ट्रेनने उतरून तो रस्ता सायकलने चढून बघा. दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी. घर दाखवायला नेणारे नेहमी रविवारी सकाळी नेतात, आणि तेही गाडीतून.