स्वतंत्र वकिलात, सामाईक राजदूत की मानद वाणिज्यदूत?

नव्या वकिलातीच्या प्रस्तावात पहिल्याच पानावर बहुधा व्यापाराचे आकडे असतात. लहान देशाने त्याआधी एक मोजणी करावी: गेल्या 3 वर्षांत त्या राजधानीत कोणती कामं अडली, आणि ती तिथे आपला माणूस नसल्यामुळेच अडली का? तुरुंगातले नागरिक, मजुरांचे थकलेले पगार, कर्जाची बोलणी यांना रोजचा पाठपुरावा लागतो. वर्षाला एखादा करार आणि एक मंत्रिभेट एवढंच काम असेल, तर इमारत घेऊ नये.

स्वतंत्र वकिलातीत उद्घाटनाच्या खर्चापेक्षा दरसालचा खर्च भारी पडतो: भाडं, निवासस्थान, मुलांची फी, सुरक्षा. भाडं परकीय चलनात आणि अंदाजपत्रक आपल्या चलनात. आपलं चलन घसरलं की पहिली कात्री प्रवासाला लागते आणि राजदूत राजधानीतच अडकतो. दोनच अधिकारी असलेल्या कचेरीत एक रजेवर गेला की दुसऱ्याची सकाळ व्हिसाच्या अर्जांत आणि दुपार हिशेबाच्या वहीत जाते. मग मंत्रालयाच्या पायऱ्या चढायच्या कोणी? तीन अधिकारी आणि एक हिशेबनीस यांच्याखाली आम्ही तरी वकिलात सुचवणार नाही.

सामाईक राजदूत, म्हणजे एकाने अनेक देश सांभाळणं, राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 5 नुसार चालतं. संबंधित यजमान देशांपैकी कुणी उघड हरकत घेतली तर मात्र नाही. म्हणून गट पाडताना विमानमार्ग पाहावेत, तसं त्या देशांचं आपसातलं वैरही पाहावं. वर्षातून एकदाच येणाऱ्या राजदूताला मंत्र्यांची वेळ मिळतेच असं नाही. याच कलमात एक सोय आहे, ती फार कमी वापरली जाते: राजदूत दुसरीकडे राहूनही इथे प्रभारी अधिकाऱ्याच्या हाताखाली कचेरी उघडता येते. काम वाढलं तर पुढे राजदूत नेमता येतो. शंका असेल तिथे आमचा कौल या प्रभारी कचेरीलाच.

मानद वाणिज्यदूत, म्हणजे आपला पूर्णवेळ नोकर नसताना तिथे आपल्या नागरिकांची व व्यापाराची कामं पाहणारा माणूस, बहुधा तिथलाच व्यावसायिक असतो. तो स्वस्त पडतो, ओळखी भरपूर. पण राजकीय बोलणी त्याच्यावर सोपवू नयेत. वाणिज्यदूतांविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार त्याच्याकडची सरकारी कागदपत्रं खासगी व धंद्याच्या कागदांपासून वेगळी ठेवली असतील, तरच त्यांना संरक्षण मिळतं. कोरी पासपोर्ट पुस्तकं त्याच्याकडे ठेवू नयेत.

छप्पर वाटून घेण्याचाही मार्ग आहे. बर्लिनमध्ये 1999 पासून पाच नॉर्डिक देशांच्या वकिलाती एकाच आवारात आहेत. सभागृह सामाईक, वकिलाती स्वतंत्र. न्यूयॉर्कमध्ये राष्ट्रकुलातल्या लहान देशांसाठी 1983 पासून सामाईक कचेरी आहे. पैसा एकाच ठिकाणापुरता असेल तर आधी न्यूयॉर्कच घ्यावं: संयुक्त राष्ट्रांचे 193 सदस्य तिथे भेटतात आणि ज्या देशांत आपली वकिलात नाही त्यांच्याशीही तिथेच बोलता येतं.

कुणी जागा फुकट देऊ केली म्हणून वकिलात उघडू नये. उघडलेली बंद केली की यजमान देश तो अपमान समजतो. म्हणून 5 वर्षांनी काय झालं तर ती चालू ठेवायची आणि काय झालं तर प्रभारी कचेरीवर आणायची, हे मूळ प्रस्तावातच लिहून मंत्रिमंडळाची सही घ्यावी.