लुक्लाचं विमान: लँडिंगचं सगळेच विचारतात, टेकऑफचं समजून घ्या

नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेले आपले ट्रेकर तिथल्या लुक्ला या डोंगरी विमानतळाच्या विमानाबद्दल एकच गोष्ट विचारतात, उतरताना भीती वाटते का? रास्त आहे. पण परतीचा टेकऑफही तितकाच नीट समजून घ्यायला हवा, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. सेवा म्हणून मी याला पाचपैकी साडेतीन देईन. कापलेला दीड गुण काउंटरवरच्या गोंधळाचा आणि उशिरा मिळणाऱ्या माहितीचा आहे. फ्लाइट रद्द होतात म्हणून एकही गुण कापलेला नाही.

आधी जागा बघा. धावपट्टी 527 मीटर लांब, 30 मीटर रुंद, उंची 2,800 मीटरच्या वर, उतार 11.7 टक्के. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ 60 मीटरचा फरक, वीस मजली इमारतीएवढा. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला दरी. त्यामुळे उतरायचं नेहमी चढाच्या दिशेने आणि उडायचं नेहमी उताराच्या दिशेने.

विमानं दोन प्रकारची दिसतात: ट्विन ऑटर आणि चेक बनावटीचं एल-410. दोन्ही आखूड पट्टीसाठीच बनलेली, दोन्हींना दोन टर्बोप्रॉप इंजिनं, साधारण 19 आसनं. ट्विन ऑटरमध्ये पुढच्या रांगेत बसलात तर पायलटचा हात छताकडे गेलेला दिसतो. पॉवर लिव्हर, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायचे दांडे, तिथेच असतात. वरच्या टोकाला विमान वळवून ब्रेक दाबून धरतात, पंखांमागचे फ्लॅप (कमी वेगात उचलायला मदत करणाऱ्या पट्ट्या) लावलेले असतात, दोन्ही इंजिनं ताकदीवर आणून टॉर्क (पंखा फिरवणारा जोर) आणि तापमान बघतात, आणि मगच ब्रेक सोडतात.

इथे अडचण अशी की या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाव हिश्श्याने विरळ असते. समुद्रसपाटीला 70 नॉटला (ताशी साधारण 130 किलोमीटर) उचलणारं विमान इथे जमिनीवर साधारण 80 नॉट धावल्याशिवाय उचलत नाही. वेग 15 टक्के जास्त, पण थांबवताना ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने जास्त. उतार विमानाला वेग घ्यायला मदत करतो आणि थांबताना तोच उतार आड येतो. म्हणून टेकऑफ सोडून द्यायचा तर निर्णय पहिल्या काही सेकंदांतच व्हायला हवा.

14 एप्रिल 2019 ला नेमकं हेच घडलं. टेकऑफसाठी धावायला लागलेलं एल-410 सुरुवातीलाच उजवीकडे वळलं आणि पट्टीशेजारच्या हेलिपॅडवर उभ्या हेलिकॉप्टरांवर आदळलं. सहवैमानिक आणि जमिनीवरचे दोघे गेले. चौकशीत निघालं ते असं: उजव्या इंजिनाचा पॉवर लिव्हर अचानक मागे आला, दोन बाजूंची ताकद असमान झाली आणि टेकऑफ थांबवला गेला नाही. लिव्हर मागे का आला, हे ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही. धावेच्या सुरुवातीला शेपटीच्या रडरवर पुरेशी हवाच नसते, दिशा सांभाळायला पुढचं चाक आणि ब्रेक एवढंच हाताशी असतं. अशा वेळी उपाय एकच, दोन्ही लिव्हर एकदम मागे. पट्टीला चिकटून हेलिपॅड असेल तर चुकीला जागाच उरत नाही. या विमानतळावरचा माझा सगळ्यात मोठा आक्षेप विमानांवर नाही, त्या दाटीवर आहे.

युरोपीय संघाने सुरक्षेच्या कारणावरून डिसेंबर 2013 पासून नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत बंदी घातली, हेही तिकीट काढताना माहीत असावं.

आता प्रवाशाच्या हातात काय आहे ते. सामान साधारण 15 किलो, हातातली पिशवी धरून. ते प्रामाणिकपणे मोजा. जॅकेटच्या खिशांत पॉवर बँक आणि लेन्स कोंबून काटा चुकवणारे दिसतात. विमानाला ते वजन उचलावंच लागतं, फक्त पायलटच्या हिशोबात ते नसतं.

शक्यतो सकाळची पहिली फेरी घ्या. दिवस चढला की दरीतून वारा वर येतो आणि उतरणाऱ्या विमानाला तो पाठीमागून मिळतो, मग एवढ्या आखूड पट्टीवर उतरणं धोक्याचं होतं. विमान उतरलंच नाही तर तुम्ही उडणार कशात? गर्दीच्या हंगामात बरीचशी उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून होतात. काठमांडूहून तिथवर चार-पाच तासांचा रस्ता, म्हणजे मध्यरात्रीनंतर जीपमध्ये बसायचं. मग हवेत जेमतेम वीस मिनिटं. एजंटकडून कुठल्या विमानतळाचं तिकीट आहे ते लेखी घ्या, इथे फसगत फार होते.

परतीच्या बाजूला किमान दोन दिवस मोकळे ठेवा. मुंबईचं तिकीट लुक्लाच्या दुसऱ्याच दिवशीचं काढलं की माणूस काउंटरवर हुज्जत घालतो, आणि ढगात उडवा म्हणून दबाव आणण्याची ही जागा नव्हे. मे 2022 मध्ये पोखरा-जोमसोम मार्गावरचं ट्विन ऑटर ढगाळ हवेत डोंगरावर आदळलं, 22 जण गेले. त्यात ठाण्याचं चौघांचं कुटुंब होतं. पायलट "आज नाही" म्हणाला तर त्याच्या बाजूने उभं राहा.

विमा काढताना पॉलिसीतली उंचीची मर्यादा वाचा. हेलिकॉप्टर बचाव धरलेला आहे का तेही बघा. ज्यांना हे सगळं नकोच, त्यांनी जीपने सल्लेरी हे गाव गाठून पुढे लुक्लाच्या दिशेने चालत जावं. दोन-तीन दिवस जास्त लागतात, पण शरीराला उंचीची सवय होत जाते. विमानानेच जाणार असाल तर जाताना डावीकडची खिडकी मागा, येताना उजवीकडची. हिमालय त्या बाजूला असतो.