मे महिन्यात पाहुण्यांकडं: कॅम्पर व्हॅन की घरची कार?

परभणी, नांदेड, लातूर अशी नातेवाइकांची फेरी असेल, तर कॅम्पर व्हॅनचं, म्हणजे आत झोपायची सोय आणि पाण्याची टाकी असलेल्या गाडीचं, एक सुख मोठं: आजीला वाटेत आडवं होता येतं. पण पारा ४२ अंशांवर गेला की उभ्या व्हॅनचा पत्रा भाजतो. टाकीला पाणी मागायचं कुणाकडं? २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात आजही कित्येक घरी हंडे मोजून वापरतात. शिवाय मावशीनं गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणं टाकलेली, उशाला माठ ठेवलेला, आणि आपण दारात गाडीत झोपायचं? तिला किती लागेल ते!

कारमध्ये दाटीवाटी होते, खरं आहे. तरी ती गल्लीत वळते, डिझेल-पेट्रोल कमी खाते. माझं मत कारलाच. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत पोचा. वेरूळ-अजिंठाही जोडायचं असेल, तरच व्हॅनचा विचार करा.